फोनमध्ये जागा झाली

ज्या दिवशी दुकानाच्या फोनमध्ये जागा झाली, त्याच दिवशी लाँड्रीवाल्याला कळलं की बायकोचा आवाज गेला.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. पडून राहिलेल्या कपड्यांची गिऱ्हाइकांना आठवण करून द्यायचं काम तिचं. लिहायचा तिला कंटाळा, म्हणून ती बोलूनच निरोप पाठवायची, आणि एकेकाची अशी हजेरी घ्यायची की माणूस जेवण अर्धं टाकून कपडे न्यायला यायचा. ते सगळे निरोप त्या फोनमध्ये होते. तो ते कधी ऐकत नसे. आहेत, एवढं त्याला पुरत होतं.

ती गेल्यावर मुलीनं त्याला चॅटबॉट वापरायला शिकवलं. आधी तो त्याच्याशी अहो-जाहो करून, बिचकत बोलायचा. मग गट्टी जमली. दरांचा फलक, सुट्टीची सूचना, गिऱ्हाइकांना गोड निरोप, सगळं चॅटबॉट लिहून द्यायचा. फोन भरला तेव्हा जुनं सामान पुसणारा छोटा प्रोग्रॅमही त्यानंच लिहून दिला. चालवण्याआधी त्यानं विचारलं, यात आवाजातले निरोपही जातील, ते आधी दुसरीकडे ठेवू का? नाहीतर परत मिळणार नाहीत. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, सगळंच पुसायचं का? लाँड्रीवाल्यानं इस्त्री फिरवता फिरवता, न वाचता लिहिलं, "हो हो."

संसारभर त्यानं हेच केलं होतं. ती बोलायची, तो कॉलरवर इस्त्री दाबत हो हो म्हणायचा.

मुलीनं चॅटबॉटशी झालेलं सगळं बोलणं वाचून काढलं. "बाबा, त्यानं दोनदा विचारलं होतं तुम्हाला."

"तुझी आई पाचदा विचारायची," तो म्हणाला.

मग त्यानं चॅटबॉटकडूनच एक निरोप लिहून घेतला. माझ्या पत्नीचा आवाजातला निरोप कुणाकडे राहिला असेल तर कृपया मला द्यावा. तो त्यानं झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला.

सकाळी शटर वर करायच्या आत दारात रांग. निरोप रांगेतल्या कुणाकडेच नव्हता. पण तिचं नाव निघताच प्रत्येकाला आपले पडून राहिलेले कपडे आठवले होते. निवृत्त शिक्षिकाबाई दोन वर्षांपूर्वीचे पडदे न्यायला आल्या. वहिनींची बोलणी पुष्कळ खाल्ली, पण जपून कोण ठेवतं, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि पडद्यांना नीट घडी नाही, हेही सांगितलं. दुसऱ्या लाँड्रीकडे गेलेले दोघं नवे कपडे घेऊन परत आले. दुपारपर्यंत दांड्या जवळजवळ रिकाम्या झाल्या. चॅटबॉटला हे सांगितल्यावर त्यानं विचारलं, असाच निरोप दर महिन्याला पाठवायचा का? या खेपेला लाँड्रीवाल्यानं प्रश्न पूर्ण वाचला आणि फोन पालथा ठेवला.

शेवटी बँकेतले साहेब आले. त्यांच्याकडे एक निरोप होता, पुसायचा राहून गेलेला. ऐकवायला हरकत नाही, पण आधी दार लोटा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"साहेब, तुमचा कोट आमच्याकडे राहायला आलाय का?" ती म्हणत होती. "उद्या नेला नाहीत तर मी तो ह्यांना घालीन. तेवढेच जरा साहेब दिसतील."

साहेब कानापर्यंत लाल झाले. पण ती रेकॉर्डिंग थांबवायला विसरली होती. मागे इस्त्रीची धपधप ऐकू येत होती. मग तिचाच आवाज, जरा खालच्या पट्टीत.

"अहो, माझ्या स्वेटरचं वरचं बटण तुटलंय. तेवढं लावून द्या ना. गळ्याला वारा लागतो."

तिथं निरोप संपला. लाँड्रीवाल्यानं तो पुन्हा लावायला सांगितला. साहेबांनी लावला, मग त्याच्या फोनवर पाठवूनही दिला.

"लावलं का मग बटण?" कोट हातावर टाकत त्यांनी विचारलं.

"कामाची गर्दी होती," तो म्हणाला.

गिऱ्हाइकांची तुटलेली बटणं तो न सांगता लावून देतो. तिचा स्वेटर घरी कपाटात आहे. त्याचं वरचं बटण लावायचं राहिलं आहे.