सैन्य किती दिवसांचं?

आषाढातल्या एका मंगळवारी ‘वलययुद्ध’ या अजून बाजारात न आलेल्या खेळातल्या दोन्ही सैन्यांनी जागचं हलायला नकार दिला.

हा टेबलावर मांडून खेळायचा खेळ होता. शनीच्या वलयांत बर्फ खणणारं खाणदल एका बाजूला आणि शनीच्या चंद्रांवर राहणारं चंद्रदल दुसऱ्या बाजूला. शिपाई रेझिनचे, अंगठ्याएवढे. फासे टाकायचे, पट्टीने मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि समोरच्याला नामोहरम करायचं. नियम मृण्मयी टिपणीस यांचे होते. त्या अलिबागच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि उरलेला वेळ शनीवर घालवत. पहिल्या आवृत्तीत अंतराळयानं होती, पण ती टेबलाबाहेर जात म्हणून काढून टाकली. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक शिपायाचा प्राणवायू मोजायचा होता, तेव्हा खेळणारेच धापा टाकू लागले. तिसरी इतकी सोपी निघाली की चहा येईपर्यंत युद्ध संपायचं. नमनालाच घडाभर तेल गेलं आणि तेवढ्यात मृण्मयीबाईंच्या कानांवरचे केस पांढरे झाले. आता मात्र प्रकाशक मिळाला होता, नियमपुस्तिका छापखान्यात जायची होती आणि दिवाळीच्या प्रदर्शनात खेळ मांडायचा ठरलं होतं.

शिपाई घडवायचं काम पेणच्या हरेश्वर कडूकडे आलं. हरेश्वरचा गणपतीचा कारखाना होता. आजोबांपासून घरात तेच काम. काम उत्तम होतं, नावही होतं, पण हरेश्वरच्या मनात एक सल होता आणि तो त्याने बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने घडवलेली एकही गोष्ट शिल्लक नव्हती. कुणी दीड दिवसाने, कुणी दहा दिवसांनी, सगळ्या मूर्ती पाण्यात गेल्या. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, ते तसंच असतं. तरी आपल्या हातचं काहीतरी कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं उभं राहावं, पोरांनी काढावं, खेळावं, परत ठेवावं, असं त्याला फार वाटायचं. मृण्मयीबाईंनी शिपायांचं विचारलं तेव्हा त्याने पुढचं काही न ऐकता हो म्हटलं.

चूक त्याच्याकडूनच झाली, आणि ती पेणच्या माणसाकडूनच होऊ शकते. त्याने आधी चिलखतं रंगवली, मग चेहरे, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यात शेवटी डोळे आखले. मूर्तीचे डोळे आखताना समोर उभ्या माणसाकडे ती बघते आहे असं वाटलं पाहिजे, ही घरची शिकवण. ती त्याने शिपायांनाही लावली. मग चाचणीसाठी शिपाई टेबलावर मांडायची वेळ आली, तेव्हा उघड्या लाकडावर काही ठेवायला त्याचा हात धजेना. त्याने प्रत्येकाखाली चिमूटभर अक्षता टाकल्या. त्याच वेळी बिवलकर गुरुजी आपल्या मूर्तीची ऑर्डर द्यायला आले. चहाला उशीर होता. समोर अक्षतांवर बसवलेल्या, डोळे आखलेल्या एवढ्या मूर्ती बघून गुरुजींनी उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि दूर्वांची काडी शिपायांवरून फिरवत सबंध प्राणप्रतिष्ठा म्हणून टाकली. नंतर त्यांनी चहा घेतला, दोन फुटी शाडूची मूर्ती सांगितली आणि ते गेले.

मंगळवारी मृण्मयीबाई पट्टी आणि फासे घेऊन आल्या. पहिली चाल खाणदलाच्या बिनतारीवाल्याची होती. त्यांनी त्याला चार बोटं पुढे सरकवला. हरेश्वरने वाकून पाहिलं. डोळ्यांतला रंग जागच्या जागी होता, पण बिनतारीवाला आता कुणाकडेच बघत नव्हता.

“आता दुसरा,” मृण्मयीबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

“थांबा,” खाणदलाचा सुभेदार म्हणाला.

सुभेदार पहिल्या रांगेत उजवीकडून तिसरा होता. आवाज त्याच्या मापाचा होता, म्हणून दोघांनाही टेबलाजवळ स्टूल ओढून बसावं लागलं.

“आमची विधिवत स्थापना झालेली आहे,” सुभेदार म्हणाला. “स्थापना झालेल्याला हलवलं की तो गेला, हे आपण जाणता. आत्ता आमचा एक माणूस गेला. त्याबद्दल आम्ही वाद घालत नाही, आपल्याला ठाऊक नव्हतं. मात्र यापुढे मुदत पुरी होईपर्यंत कुणीही हलणार नाही.”

“आणि चंद्रदल?” मृण्मयीबाईंनी विचारलं.

“त्यांच्याशी आमचं युद्ध आहे. पण या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.”

चंद्रदलातून कुणी हरकत घेतली नाही.

“अहो, पण सरकायचं नाही तर खेळायचं कसं?” मृण्मयीबाई म्हणाल्या. “सगळा खेळच सरकण्याचा आहे.”

“ते आम्ही वाचलं आहे. नियम चांगले आहेत,” सुभेदार म्हणाला.

हरेश्वरने गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजींनी चष्मा पुसला, टेबलाला एक प्रदक्षिणा घातली, अक्षता पाहिल्या आणि आपली चूक असेल तर ती कबूल करायची तयारी दाखवली. पण चूक सापडली नाही. सगळं यथासांग झालं होतं.

“आता उत्तरपूजा करूनच हलवायचं,” ते म्हणाले. “तोवर सकाळ-संध्याकाळ आरती, नैवेद्य, आणि दाराला कुलूप घालायचं नाही. त्या एकाचं विसर्जन मात्र आजच उरका हो, असा ठेवू नका.”

हरेश्वरने बिनतारीवाल्याला दही-पोह्यांची शिदोरी दाखवली आणि अंगणातल्या बादलीत सोडलं. रेझिन काही विरघळत नाही. तो बादलीच्या तळाशी उभाच राहिला.

“हं,” गुरुजी पाटावर बसत म्हणाले. “आता सांगा, हे किती दिवसांचे?”

दर घराचं ठरलेलं असतं. कडूंचा पाच दिवसांचा, टिपणिसांचा गौरींबरोबर जाणारा. पण शनीवरच्या सैन्याचा रिवाज कुणाला माहीत असणार?

“आम्ही युद्धासाठी आलो आहोत,” सुभेदार म्हणाला. “युद्ध संपेपर्यंतचे. पुस्तिकेत आहे.”

मृण्मयीबाईंनी नियमपुस्तिकेची पेन्सिलीने खुणा केलेली प्रत उघडली. त्यांनीच लिहिलेलं होतं, तरी त्या मोठ्याने वाचताना दोनदा अडखळल्या. युद्ध सहा फेऱ्यांचं. खेळातल्या काळात एक फेरी म्हणजे शनीची सूर्याभोवती एक प्रदक्षिणा. चाल फेरीच्या अखेरीस.

“म्हणजे आपल्याकडची किती?” गुरुजींनी विचारलं.

“एका फेरीची साडेएकोणतीस वर्षं.”

गुरुजींनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. पेरं संपली तशी त्यांनी परत पहिल्यापासून धरली. “पावणेदोनशेच्या वर जातंय हो हरेश्वर,” ते म्हणाले. “दीड दिवसाचे, पाचाचे, अगदी एकवीस दिवसांचेसुद्धा मी पाहिलेत. पण चालेल. शास्त्राची हरकत नाही.”

“पहिली फेरी संपली की उत्तरपूजा करून चाल करावी आणि नव्या जागी पुन्हा स्थापना करावी,” सुभेदार म्हणाला. “आम्ही नक्की हलू.”

“तेव्हा मी ऐंशीच्या पुढे असेन,” मृण्मयीबाई म्हणाल्या.

“आम्ही थांबू,” सुभेदार म्हणाला. त्याला ते खरंच सोपं वाटत होतं.

गुरुजींना दुसरीकडे सत्यनारायण होता, ते गेले. मृण्मयीबाईंनी कानामागची पेन्सिल काढली. पुस्तिका अजून छापली गेली नव्हती, ही गोष्ट दोघांच्याही एकदमच लक्षात आली होती. ‘प्रदक्षिणा’ खोडून ‘घटका’ लिहायचं, की संध्याकाळपर्यंत युद्ध संपलं. मग उत्तरपूजा, मग शिपाई म्हणजे नुसतं रेझिन. हवं तसं सरकवा, खोक्यात भरा, दिवाळीला मांडा.

“सुभेदार,” त्यांनी विचारलं, “मी नियम बदलला तर?”

“जे लिहाल ते आम्हाला मान्य. नियम आपले आहेत.”

हरेश्वरने टेबलाकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, त्यानेच तसे डोळे आखले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातचं काहीतरी राहायला तयार होतं, आणि पोरांना ते खेळायला मिळायचं तर आधी त्यातला प्राण जायला हवा होता. पण दुसऱ्याची इतक्या वर्षांची मेहनत आपण अडवायची, हे त्याच्याने होईना.

“लिवा मॅडम,” तो म्हणाला. “दीड दिवस लिवा नायतर अर्धा लिवा. नवे रंगवून देईन मी, अक्षता नाय टाकणार. मला सवय हाय जाण्याची.”

मृण्मयीबाईंनी पेन्सिल कागदावर टेकवली. मग सुभेदाराकडे पाहिलं, चंद्रदलाच्या धनुष्यवालीकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या ज्यांच्याबद्दल लिहीत होत्या, ती माणसं त्यांना समोर उभी राहून नियम चांगले आहेत म्हणाली होती.

“शनीचं वर्ष मला कसं बदलता येईल, दादा?” त्या म्हणाल्या. “ते माझ्या हातात आहे का?”

बदलायचं शनीचं वर्ष नव्हतंच, एक शब्द होता. ते हरेश्वरला कळत होतं आणि बाईंना तर कळतच होतं. हरेश्वर आत गेला आणि चहा टाकताना त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. बाहेर मृण्मयीबाई एकट्याच बसल्या होत्या. हातातला फासा त्यांनी एकदा टाकला. पाच पडले. ते त्यांनी पहिल्या चालीसाठी टिपून ठेवलं.

प्रकाशकांना त्यांनी स्वतःच पत्र लिहिलं. सैन्य स्थानापन्न झालं असून पहिली चाल साडेएकोणतीस वर्षांनी आहे, सबब दिवाळीत खेळ येणार नाही. प्रकाशकांचं उत्तर चार दिवसांत आलं. विलंबाचं कारण रास्त आहे, दर्शनाच्या वेळा कळवाव्यात.

श्रावण कामात गेला. टेबल हलवता येत नव्हतं, तेव्हा बाकीचा कारखाना त्याच्याभोवतीने चालला. आरतीला कारागीर थांबायचे. मृण्मयीबाई दर शनिवारी अलिबागहून नैवेद्याचा डबा घेऊन यायच्या आणि पट्टीने अंतरं मोजून परत जायच्या. हरेश्वरने आपल्या लहान भाचीला फेरी संपल्यावरच्या उत्तरपूजेचं आतापासूनच सांगून ठेवलं.

चतुर्थीच्या सकाळी शेवटची मूर्ती पाटावरून बाहेर पडली. लोक वाजतगाजत गेले. दरवर्षी या वेळी हरेश्वर रिकाम्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवायचा आणि कुलूप लावून घरी जायचा. त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. या वर्षी त्याने फळ्या पाहिल्या, सवयीने कुलूप शोधलं, मग आठवलं की ते श्रावणातच भंगारात दिलंय.

“सगळे गेले का?” सुभेदाराने विचारलं.

“गेले.”

“मग बसा जरा.”

हरेश्वर स्टूल ओढून बसला.