दाजीसाहेबांची आडोशाची भिंत

दाजीसाहेब आमच्या खोलीत पहिल्यांदा आले ते नमस्कारचमत्कार न करता थेट खिडकीशी गेले. गजांना नाक लावलं आणि विचारलं, "इथनं पायऱ्या किती दिसतात?"

मी मोजून सांगितलं, "पाच."

"दिसता कामा नयेत!" म्हणत त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढली आणि माझ्या नावापुढे पाच लिहिले. आमच्या गिरगावातल्या चाळीच्या प्रत्येक खिडकीची अशी नोंद त्यांच्याकडे होती.

चाळीला लागूनच त्यांचं जुनं घर. परसात दगडी तळं, तळाशी जिवंत झरा. वाडीतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पोहायला शिकले. दाजीसाहेबांच्या पत्नी माई मात्र लग्न होऊन आल्यापासून स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं बघत होत्या. घरंदाज बाई उघड्यावर पाण्यात उतरणार कशी? "एकदा तरी मला उतरवा हो," असं त्या नव्या नवरी असताना म्हणाल्या होत्या. दाजीसाहेबांनी ते मनावर घेतलं होतं. तळं उपसायचं, ढासळलेल्या पायऱ्या बसवायच्या आणि माईंसाठी आडोशाची भिंत घालायची.

घोडं अडलं भिंतीच्या उंचीवर. सुरुवातीला म्हणे सहा फूट पुरणार होती. मग शेजारी आमची चाळ उभी राहिली, तिच्यावर मजले चढले आणि मजल्यागणिक कागदावरची भिंतही वाढत गेली. मी पडलो ड्राफ्ट्समन, त्यामुळे नकाशे माझ्या गळ्यात आले. अकरा काढले. एकदा मी म्हटलं, "दाजीसाहेब, एवढ्या भिंतीनं तळ्यावर ऊन पडायचं नाही."

"ऊन नको, अब्रू हवी!"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मी मोर्च्यातून घसा बसवून घेऊन यायचो, तर हे मला जिन्यात गाठायचे. "राज्याच्या हद्दीचं तुम्ही बघा हो, पण आधी माझी पायरी सरकवा." चाळीत त्यांच्या नकला व्हायच्या. सगळ्यांत हुबेहूब नक्कल मी करायचो, हे आता सांगताना लाज वाटते.

मग माईंच्या हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी चालणंफिरणं बंद केलं. दाजीसाहेब बारावा नकाशा मागायला आले तेव्हा खिडकीकडे गेलेच नाहीत. "जरा लवकर कर रे," एवढंच म्हणाले. एरवी ते मला अहोजाहो करायचे. मी 'रविवारी देतो' म्हणालो आणि दोन रविवार सभांमध्येच घालवले.

तिसऱ्या रविवारी चौपाटीवर मोठी सभा होती. पोराबाळांसकट चाळ रिकामी झाली. मी तापानं घरीच होतो. खालून हाक आली म्हणून डोकावलो, तर परसात दाजीसाहेब उभे. "सगळे गेले ना? मग या खाली."

आम्ही दोघांनी माईंना वेताच्या खुर्चीसकट तळ्याशी नेलं. शेवाळ दाजीसाहेबांनी सकाळीच स्वतः खरवडून काढलं होतं. माईंना धरून धरून तिसऱ्या पायरीवर बसवलं. कमरेपर्यंत पाणी आलं, लुगड्याचा पदर तरंगायला लागला. शेजारी कोटासकट दाजीसाहेब बसले, त्यांचा दंड घट्ट धरून.

"अगं बाई, इतकं गार असतं होय?" माई म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, तुम्ही पुरुष उगाच किंचाळता."

दाजीसाहेब हसले नाहीत. "एक रिकामी दुपार हवी होती फक्त," ते म्हणाले. "मी भिंतच बांधत बसलो गं."

माईंनी ओंजळभर पाणी त्यांच्या कोटावर उडवलं. "उद्याही येऊ या हं."

दाजीसाहेबांनी वर चाळीकडे पाहिलं. उद्या सभा नव्हती.

महिन्याभरात माई गेल्या. मी अकरा नकाशे काढले होते. तासभर खिडक्या मिटून घ्या, एवढं चाळीला सांगायचं मात्र मला एकदाही सुचलं नाही.