नानांची पन्नासावी जोडी

नाना सुतार दोन्ही पायांनी धडधाकट होते, तरी रेवदंड्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांना कुबड्यांवाचून चालताना पाहिलं नव्हतं. नवखा माणूस हळहळायचा. मी हळहळत नसे, कारण मी त्यांच्याच कारखान्यात कारकून होतो आणि या प्रकाराने माझं डोकं रोज उठायचं.

कारखाना म्हणजे बंदराजवळची लांबलचक पडवी. हे घराणं मूळचं होड्या बांधणारं. पुढे मुंबईच्या एका इस्पितळाने कुबड्या मागवल्या आणि होड्या मागे पडल्या. धाकटा भाऊ बाळू मालाची पाठवणी बघायचा, घरच्या बायका काखेखालच्या उश्या शिवायच्या, नाना लाकूडकाम करायचे. जोडी तयार झाली की नाना ती काखेत घेऊन, एक पाय दुमडून, धक्क्यावर जायचे, शेवाळलेल्या अकरा पायऱ्या उतरायचे, चढायचे आणि परत येऊन मला म्हणायचे, "लिवा जोशीबुवा, पास."

प्रत्येक जोडीला हे असं! एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो नाना, दहातली एक तपासा की."

"दहातली कंची मोडंल ते तुमी सांगा, तेवढीच बघतो." आणि मग त्यांचं नेहमीचं पालुपद, "पडायचं तर मी पडीन."

माणूस दिसला की आधी त्यांची नजर काखेकडे जायची. एका लग्नात बोहल्यावरच्या नवऱ्या मुलाला न्याहाळून ते मोठ्याने म्हणाले, "ह्याला पन्नास इंची लागंल." मुलीच्या आईने तिथेच डोळ्यांना पदर लावला. तेव्हापासून त्यांना लग्नाची आमंत्रणं येईनाशी झाली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. हसताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी इस्पितळाने एकदम पन्नास जोड्या मागवल्या. पावसाआधीच्या शेवटच्या मचव्याने माल आला नाही, तर पुढचं सगळं काम मुंबईतल्याच एका कारखान्याला देऊ, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मचवा चुकला की चार महिने समुद्र बंद. बाळूच्या तोंडचं पाणी पळालं. नानांनी मात्र एक पाय दुमडून धक्क्याच्या फेऱ्या सुरूच ठेवल्या.

मचवा सुटायच्या दिवशी एकोणपन्नास जोड्या पास झाल्या होत्या. पन्नासावी लहान मुलाच्या मापाची होती, नानांच्या जेमतेम कमरेला लागणारी.

"दादा, ही तुला व्हायची न्हाय. टाकतो पेटीत," बाळू म्हणाला.

"न्हाय." नाना जोडी घेऊन तडक धक्क्यावर निघाले. मागे बाळू ओरडत, त्याच्यामागे मी.

ओहोटी लागली होती. पेट्या चढल्या होत्या, मचव्याचा तांडेल दोर सोडत होता. नाना पायरीवर गुडघे टेकून बसले, त्या इवल्या कुबड्या काखेत धरल्या आणि गुडघ्यांवर एकेक पायरी उतरू लागले. साठीचा माणूस! धक्क्यावर हशा पिकला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

"दादा, पाया पडतो तुझ्या! मचवा जाईल!" बाळू रडकुंडीला आला होता.

तांडेलाने सोडलेला दोर पुन्हा खुंट्याला बांधला. "हसू नका," तो म्हणाला. "ह्यांची यमी हितंच गेली, तीस वर्सांमागं. सहा वर्सांची. एका पायानं अधू व्हती. बापानं कुबडी करून दिली, तर लाकडात गाठ निघाली. ती चौथ्या पायरीवर मोडली नि पोर पान्यात गेली."

मला माझ्या हसण्याची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

नाना अकराव्या पायरीपर्यंत गेले आणि तसेच वर आले. चौथ्या पायरीवर थांबून त्यांनी सगळा भार आधी एका कुबडीवर टाकला, मग दुसरीवर. वर पोचले तेव्हा धोतर गुडघ्यांवर फाटून लाल झालं होतं. मी हात दिला, तो त्यांनी पहिल्यांदाच धरला.

"लिवा, पास," ते म्हणाले. मी लिहिलं. बाळूने जोडी तांडेलाच्या हातात दिली आणि मचवा सुटला.

नाना मचव्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "जोशीबुवा, तिची कुबडी मी नुस्ती हातात धरून बघितली व्हती."