कादरचाचांचा गोळा

अकोल्यातला सूर्य आमच्या कादरचाचांच्या परवानगीशिवाय मावळत नसे. निदान चाचांचं मत तसं होतं, आणि रमजानच्या महिन्यात अख्ख्या मोहल्ल्याचंही! संध्याकाळी मशिदीमागच्या मोकळ्या जागेत चाचा आपली लोखंडी उखळी बार भरून मांडून बसत, डोळे बारीक करून पश्चिमेकडे बघत, आणि सूर्य बुडाल्याची खात्री पटली की बत्ती देत. धडाम्! त्या आवाजासरशी साऱ्या मोहल्ल्याचे खजूर तोंडात जात. गोळा उडाल्याशिवाय कोणी रोजा सोडत नसे. झाडावरचे कावळे मात्र दर संध्याकाळी नव्यानं दचकत.

माझं भाजी-फुलांचं दुकान चाचांच्या दुकानाला लागूनच. लग्नावरातीत शोभेची दारू उडवणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि उरलेल्या वेळात माझ्या गिऱ्हाइकांशी भांडणं हा शौक. घड्याळावर तर त्यांचा भारी दात! एकदा कचेरीतल्या कारकुनानं चेनचं घड्याळ काढून सांगितलं, "चाचा, टाइम झाला, उडवा."

चाचा म्हणाले, "घड्याळ इंग्रजाचं, सूर्य अल्लाचा. तुमाले आस्मान वाचता येते का?"

कारकुनानं गुपचूप घड्याळ खिशात टाकलं. "आस्मान वाचता येते का?" हे चाचांचं ठेवणीतलं अस्त्र. वांग्यात कीड निघो, टांगा उशिरा येवो, इंग्रज-जर्मनच्या लढाईत कोण जिंकणार याची चर्चा निघो, ते कुठंही चालायचं आणि समोरचा माणूस गप्प व्हायचा.

माझ्या आईशी त्यांची उपासावरून कायमची जुंपलेली. लढाई संपत आली त्या साली श्रावण आणि रमजान बरोबरच लागले, मग काय विचारता! आईचा सोमवार आला की आमच्याकडे साबुदाण्याची उसळ, शिंगाड्याचा शिरा, वर केळी. चाचा ओट्यावरून ओरडायचे, "भाबी, हा उपास हाय का बारसं हाय?"

"अन् तुमी पहाटे उठून पोटभर हादडता, त्याले काय म्हंतात कादरभाऊ?" आई आतून ओरडायची. गिऱ्हाईक भाजी विसरून ऐकत बसायचं, आणि माझी मेथी सुकायची.

पण त्या साली चाचांचं लक्षण काही ठीक नव्हतं. डोळे पिवळेजर्द, पाय सुजलेले, हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. रमजानच्या आधी मीच त्यांना टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "दारू किती वर्षांपासून?"

चाचा ताठ बसले. "खानदानी हाय साहेब! अब्बाजान, दादाजान, समदेच!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, प्यायची नाही, उडवायची!" चाचांनी जन्मात कधी थेंबाला बोट लावलं नव्हतं. मग निघालं, की मागं दोन-तीनदा कावीळ झाली होती आणि या गृहस्थांनी ती अंगावर काढली होती. डॉक्टर स्पष्टच बोलले, "कलेजा, लिव्हर खराब झालाय. थोडं थोडं पण सारखं खात राहायचं, औषध वेळेवर घ्यायचं. यंदा रोजे धराल तर जिवावर बेतेल."

"जी, साहेब," चाचा म्हणाले. आणि चांद दिसल्याबरोबर रोजे धरले!

मशिदीतल्या इमामसाहेबांनी खूप समजावलं. म्हणाले, बीमाराला सूट आहे, रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घाला, त्याला फिदिया म्हणतात. चाचांचा जबाब तयार. "गरिबालेबी जेवू घालतो अन् रोजाबी ठेवतो. डबल!"

मग तो दिवस उजाडला. अरे देवा, काय तो दिवस! सकाळपासून आभाळ गच्च, सूर्याचा पत्ता नाही. चाचा दुपारपासूनच तंद्रीत होते. मला दोनदा त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. मला वाटलं, थट्टा करून राहिले. संध्याकाळी मशिदीच्या बाजूच्या अंगणात चटईवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची पंगत, मांडला, माणसं ओळीनं बसली, मी पेरूची पाटी पोचवायला गेलो होतो. अजून चांगला उजेड होता, तोच धडाम्!

क्षणभर सगळे थबकले. पण गोळा तो गोळा! खजूर तोंडात गेले, सरबत गेलं, भजी गेली. इमामसाहेबांनीही खजूर खाल्ला. आणि तेवढ्यात पश्चिमेचे ढग फाटले. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या धुराड्यावर हातभर उंच, पितळेच्या परातीएवढा सूर्य! मशिदीच्या भिंतीवर लखलखीत ऊन!

काय गहजब उडाला म्हणून सांगू! कोणी थुंकतंय, कोणी तोंडात बोटं घालतंय, म्हातारे तोबा तोबा करतायत. सगळ्यांचा दिवसभराचा रोजा गेला, आता ईदनंतर त्याच्या बदल्यात दुसरा धरायचा! बशीर टांगेवाला सगळ्यांत तापला. "कुठी हाय तो आस्मान वाचणारा? आणा त्याले!"

आम्ही मागं धावलो. चाचा उखळीशेजारी मातीत बसले होते, हातात जळती बत्ती तशीच. मला बघून हसले आणि विचारलं, "नारायण, आज ईद हाय का रे?"

बशीरचा राग तिथंच गळाला. बत्ती त्यानंच काढून घेतली, टांगा त्यानंच जोडला, आणि घोड्याला असा पळवला की मी दोन्ही हातांनी चाचांना धरून बसलो. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहून कलेज्याचं विष डोक्यात चढलं, आणखी उशीर केला असता तर माणूस हाती लागला नसता.

हळूहळू चाचा शुद्धीवर आले. काय घडलं ते कळल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गोळा बंद पडला. लोक अजान ऐकून रोजा सोडू लागले. आई भाताची पेज करून द्यायची, ती मी नेऊन समोर बसून पाजायचो. एक दिवस मी चिडलोच.

"चाचा, डॉक्टर म्हंते खा, इमामसाहेब म्हंतात खा. तुमाले काहून एवढा हट्ट?"

त्यांनी वाटी हातानं दूर सारली. मग म्हणाले, "नारायण, तुही चाची गेली तवापासून घरात चूल नाही पेटली. अकरा महिने मी दुकानात उभ्यानं फुटाणे खातो. ह्या एका महिन्यात चार माणसांच्या पंगतीत बसून जेवतो. रोजा नसन तर कोणत्या तोंडानं बसू तिथं?"

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो मी! आस्मान वाचणाऱ्या ह्या माणसाच्या घरातून धूर निघत नाही, हे मला कधी दिसलं नव्हतं.

मी तडक इमामसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते स्वतः आले. "उखळी गंजून राहिली, कादरमियाँ. आज गोळा तुमीच उडवा."

"रोजा नाही त्या माणसाचा गोळा चालते का?"

"रोजा माणसाले असते, गोळ्याले नसते. उठा!"

उठले बापडे. काठी टेकत, माझ्या खांद्याचा आधार घेत. आणि नेमकं त्या दिवशीही आभाळ भरलेलं! चाचांनी उखळीत बार भरला. "नारायण, लोक आता आभाळाकडं पाह्यतीन, मंग खातीन," ते पुटपुटले. ते कितीतरी वेळ पश्चिमेकडे बघत राहिले. इतका वेळ, की मलाच घाम फुटला. मग बत्ती दिली.

धडाम्!

मी वळून दस्तरखानाकडे बघितलं. एकाही माणसानं मान वर केली नव्हती. सगळे खजूर तोंडात गेले होते, बशीरचा तर सगळ्यांच्या आधी.

चाचा उखळीला पाठ लावून तिथंच बसले. पंगतीकडे बघेनात. तेवढ्यात बशीर भरल्या तोंडानं ओरडला, "ओ उस्ताद, जागा धरून ठेवली हाय. येता, का दस्तरखान तिकडं उचलून आणू?"

"मी दुपारी खाल्लं बे!" चाचा तिकडून ओरडले.

"मंग? आता भूक नाही काय?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांना धरून नेलं, बशीर आणि इमामसाहेबांच्या मधे बसवलं. जेवले फार थोडं. दोन घास मऊ भाताच्या खिमटीचे आणि माझा एक पेरू. बाकी सगळा वेळ इकडच्या-तिकडच्या माणसाच्या ताटात वाढत होते, "घे रे, घे," करत होते.

नमाज झाली. माणसं आपापल्या घरी गेली. ताटं उचलली, पाणी शिंपडलं. बशीर एका टोकाकडून चटई गुंडाळत आला, तर दुसऱ्या टोकावर चाचा अजून मांडी घालून बसलेले. बशीरनं माझ्याकडे बघितलं, गुंडाळलेली चटई पुन्हा पसरली, आणि तोही त्यांच्याजवळ बसला.