एक ओळ फवारलेली, एक सोडलेली

लस घ्यायची की नाही, याचा निकाल सावित्रीबाईंनी सकाळच्या चहालाच देऊन टाकला. "आधी कारभारीला टोचा. सोमनाथला तसाच ठेवा. आठ दिवस बघू."

कारभारी त्यांचा थोरला मुलगा, सोमनाथ धाकटा. थोरला मखमलाबादच्या शिवारातला टोमॅटो बघायचा, धाकटा अंबडला कंपनीत जायचा. नवं औषध आलं की सावित्रीबाई ते सगळ्या प्लॉटवर कधीच मारू देत नसत. एक ओळ फवारायची, शेजारची सोडायची, फवारलेल्या ओळीच्या काठीला लाल चिंधी बांधायची आणि आठ दिवस पानं उलटून बघायची. औषधाच्या दुकानदारावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि डॉक्टर म्हणजे त्यांच्या लेखी माणसांच्या औषधाचा दुकानदार.

शहरात नव्या फ्लूची साथ होती. तिच्यामागोमाग नवी लस आली, आणि लसीच्या आधी तिच्या बातम्या गावात पोचल्या. भाजी घेऊन मार्केटला गेलेला माणूस येताना एक तरी आणायचाच. लसीनं गुडघे जातात. जिभेची चव जाते. शेजारच्या मंगलाबाईंच्या मोबाइलवर तर असं आलं होतं, की सुईतून आत काहीतरी सोडतात आणि मग आपण कुठं जातो ते वर कळतं. मंगलाबाई घर आणि वावर सोडून कुठंच जात नसत, तरी दोन दिवस त्या वावरात आडवाटेने गेल्या.

थोरली सून साधना मात्र खरोखर काळजीत होती. सावित्रीबाईंना दमा. मागच्या थंडीत साध्या सर्दीवरून त्यांना चार दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. हा फ्लू त्यांना झाला तर काय?

"आई, खरं तर तुम्हीच आधी घ्यायला पाहिजे. डॉक्टर म्हणतात, दमेवाल्यांनी थांबू नये."

"मी म्हंजे सगळा प्लॉट. पयली फवारणी सगळ्या प्लॉटवर करत असतं का कुनी?"

कारभारी पंचवटीतल्या दवाखान्यात गेला आणि दंडाला कापूस लावून आला. घोळ नको म्हणून सावित्रीबाईंनी त्याच्या मनगटाला लाल चिंधी बांधली. मग रोज सकाळी ओट्यावर दोन्ही मुलगे शेजारी शेजारी उभे. सावित्रीबाई त्यांच्या पापण्या उलटून बघायच्या, जीभ काढायला लावायच्या, कानामागे बॅटरी मारायच्या. मंगलाबाई कुंपणावरून निकाल ऐकून पुढे पोचवायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत निम्मं गाव लसीसाठी या दोघांवर थांबलं होतं.

चौथ्या दिवशी चवीची परीक्षा झाली. सावित्रीबाईंनी मेथीच्या भाजीत मीठच घातलं नाही. सोमनाथने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. कारभारी मुकाट जेवला, वर आणखी वाढून घेतली.

"चव गेली!" सावित्रीबाई ओरडल्या.

"आगं आई, कळलं मला अळणी हाय ते."

"मंग बोलला का नाय?"

कारभारीने साधनाकडे बघितलं आणि पाणी प्यायला. रोजची भाजी साधनाच करायची, आणि लग्नाला वीस वर्षं झाली होती.

सातव्या दिवशी कारभारी तापाने फणफणला. शिंका, अंगदुखी, घसा बसलेला. सोमनाथ टुणटुणीत होता. शनिवार, कंपनीला सुट्टी, म्हणून भाकरीही एक जास्तच खाल्ली.

"बघितलं? फवारलेली करपली, सोडलेली हिरवीगार!"

चहा उकळायच्या आत मंगलाबाईंनी ही बातमी गावभर केली. साधनाचा जीव अर्धा झाला. आता सासूबाई लसीचं नावही काढू देणार नाहीत, आणि फ्लू तर घरातच येऊन बसलेला. तिने कारभारीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरला जाब विचारायला सावित्रीबाई सोमनाथच्या गाडीवर मागोमाग हजर.

"तुमच्या लसीनं पोराचं काय केलं ते बघा!"

डॉक्टरांनी रजिस्टर चाळलं. "यांचं तर नावच नाही. कारभारी, लस घेतली कुठं?"

कारभारीने छताकडे बघितलं. "रांगेत हुतो. म्होरच्या मानसाला टोचताना सुई बघितली. मंग शिस्टरकडून नुसता कापूस मागून घेतला."

"सात दिवस मला जीभ काय दाखवत हुता, मेल्या?"

"तू काढ म्हनली, मी काढली."

साधनाला राग आला, पण त्यात आशाही दिसली. "म्हणजे आई, ताप लसीनं आलेला नाही. लस घेतली नाही म्हणून आला."

सावित्रीबाई कच्च्या नव्हत्या. "सोमनाथनं कुठं घेतली? त्यो कसा ठणठणीत?"

सगळ्यांनी सोमनाथकडे बघितलं. सोमनाथ भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता फार आवडीने वाचत होता.

"सोमनाथ!"

"कंपनीत दिली, आई. वीस दिवस झाले. गेटवरच, सगळ्यांना."

"सांगितलं का नाय?"

"तू विचारलंच नाय. सोडलेली ओळ म्हनली, मी ओळीत उभा राह्यलो."

"आजी, दोन माणसांवरून लस कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "घेतलेल्यालाही कधी फ्लू होतो, पण दवाखान्यात पडायची पाळी कमी येते. हजारो लोकांवर बघून झालंय."

"आन् सोडलेले किती?"

"तेही हजारो."

सावित्रीबाईंना पद्धतीत खोट काढता येईना. शेवटी त्या उठल्या. "बरं मंग, पुढल्या आठवड्यात येऊ."

"आई, आत्ताच घ्या ना."

"आत्ता? ही तोंडातून नाय का मिळत? पोरांना थेंब पाजत्यात तशी?"

आवाज एकदम बारीक झाला होता. साधनाने बघितलं, तर सासूबाई एकेक पाऊल दाराकडे सरकत होत्या. वावरातला साप काठीने उचलून बांधापलीकडे फेकणारी बाई! एवढे दिवस ओळी, पापण्या, अळणी भाजी, सगळं कशासाठी चाललं होतं ते साधनाला तेव्हा कळलं. तिला हसू आलं नाही, भरून आलं. तिने सासूबाईंचं डोकं कुशीत घेतलं. "तिकडं बघू नका."

"झालं का?"

"अजून सिस्टर आल्याच नाहीत."

"आता?"

"झालं कधीच."

सावित्रीबाईंनी एक डोळा उघडून दंड बघितला. मग मान ताठ केली आणि दाराजवळच्या बाकावर कुडकुडणाऱ्या कारभारीकडे वळल्या. "एवढ्याशा सुईला भ्यायला, घोड्या! चाळिशी उलटली तुझी, लाज नाय वाटत?"

बोलताना साधनाचा पदर त्यांच्या मुठीत गच्च धरलेला होता, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरून होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.