माहेरनावांच्या बाडाची नक्कल आणि घोटीव कागद

वाग्देवतेस दंडवत, दौतलेखणीस नमस्कार, आणि जो कागद अक्षर धरून ठेवितो त्यास साष्टांग प्रणिपात. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, कार्तिक-मार्गशीर्षी जे वर्तमान जाहले ते घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.

राज्य लहान, नदीकाठचे. त्या राज्यात चाल ऐसी की, सून उंबरा ओलांडून आली म्हणजे सासरचे नाव लागावे, आणि माहेरचे नाव दफ्तरात एका बाडात, एकेकीस एक पान, लिहून ठेवावे. मग दरसाल मार्गशीर्षातील पहिल्या गुरुवारी बायकांनी दफ्तरी यावे, आणि दफ्तरदारीण गोजराबाई यांनी पान उघडून एकेकीस त्या नावाने हाक मारावी. तेवढ्या हाकेसाठी म्हाताऱ्या कोसकोस चालून येत, आणि हाक ऐकून पदर तोंडास लावून परत जात. गोजराबाई वयाने ऐंशी, दफ्तरात पन्नास वर्षे. बोरूची कुरकुर, खळ लावून गारगोटीने घोटलेला कागद, त्याचा भाताच्या पेजेसारखा वास, सर्व त्यांचे नाकाकानांत जिवंत होते.

परंतु बाडास कसर लागली. पाने जाळीदार जाहली, हात लावावा तो तुकडा हाती यावा. तेव्हां राणीसाहेबांनी लेझरचे छापयंत्र आणविले, ज्याचे काचेवर जुने पान ठेवावे आणि पोटातून नक्कल यावी. यंत्रास पोट होते, स्मरण नव्हते. दिले ते पान बाहेर टाकून मोकळे होत असे. आता कागद कोणता, ऐसा प्रश्न पडला. राणीसाहेबांनी आरशासारखा चकचकीत कागद पसंत केला, आणि तो आत जाताच त्याचा लेप वितळून तापल्या रुळास गुंडाळला, आणि दफ्तरात धूर कोंदला. मग यंत्रदुरुस्तीचे मुनाफभाई यांस बोलाविले. त्यांनी रूळ साफ केला आणि पातळ पांढऱ्या कागदाचा गठ्ठा पुढे ठेविला.

"आजी, याला शाई नसते. काळी पूड असते. रुळाची ऊब लागली की ती वितळून कागदाला चिकटते. कागद साधा हवा, गुळगुळीत, कोरडा. ऐंशी ग्रॅमचा."

"ऐंशीची तर मीपण आहे," गोजराबाई बोलिल्या, "गुळगुळीत तेवढी राहिले नाही."

मुनाफभाई हसले. गोजराबाईंनी एक पान दोन बोटांत धरून उजेडाकडे केले आणि म्हणाल्या, "पलीकडचं सगळं दिसतंय हो! असल्यात आम्ही शेंगदाणे बांधून आणायचो. यात बायकांची नावं ठेवू?" आणि उठून पेटीतून घोटीव कागदाचे दस्ते काढिले, इमामसाहेब कागदी यांचे हातचे, शेवटले. ते गेले, मागे कोणी लगदा केला नाही. जाडजूड, पेटीच्या ओलीने किंचित गार. गोजराबाईंनी पानावरून तळवा फिरविला आणि डोळे मिटले.

"आजी, कागद लाखात एक आहे," मुनाफभाई बोलिले, "पण या यंत्राचा नव्हे. जाड आहे, दमट आहे, वरून खळीचा थर. ऊब पोचणार नाही. माझं ऐका, नाहीतर निदान एक पान काढा, गार होऊ द्या, आणि नखानं खरवडून बघा. पूड उडाली तर पुढं जाऊ नका."

"बघते हो," बाई म्हणाल्या.

परंतु दफ्तराचा दंडक ऐसा की, ताज्या पानास बोट लावू नये. ओली शाई फिसकटून एका बाईचे नाव दुसरीवर जाते, म्हणून पाने रुमालात बांधून गुरुवारपर्यंत निजवावी. पन्नास वर्षे ज्यांनी ताज्या पानावर माशी बसू दिली नाही, त्या नख कसे लावतील? घोटीव कागदाची तीनशे बारा पाने एकेक करून यंत्रास भरविली, अक्षर काळेभोर उमटले, आणि गोजराबाईंचे डोळे भरून आले. मग दुसरा दंडक. एका नावाची दोन बाडे राज्यात असू नयेत. म्हणून त्रिपुरी पौर्णिमेस जुने बाड हळदकुंकू वाहून नदीस दिले. पाने पाण्यावर क्षणभर फिरली, आणि विरली.

गुरुवारी बायका जमल्या. गोजराबाईंनी रुमाल सोडिला, तो आत काळी पूड, चुलीतल्या राखेसारखी. पहिले पान उलटिले, नाव घसरून मांडीवर सांडले. दुसरे उलटिले, तेही. घोटीव कागद मात्र जैसा होता तैसा, लखलखीत, कोरा. कोठे एखादी वेलांटी राहिली, कोठे काना. बाईंचे दोन्ही तळवे काळे जाहले.

राणीसाहेब बोलिल्या, "गोजराबाई, तुम्हांस पाठ असतील."

मग बाईंनी आठवून हाका मारिल्या. तान्ही. मैना. द्वारका. सोनसळी. ज्यांचे भाऊ, भाचे, माहेरची माणसे अजून जिवंत, त्यांची नावे ओठी आली, कारण ती अधूनमधून कानी पडत. एकसष्ट जाहली आणि जीभ थांबली. पुढे बयाबाई बसल्या होत्या, वय नव्वदीपार, माहेरी दिवा लावण्यास कोणी नाही.

"मार की गं हाक," बयाबाई म्हणाल्या. "दोन डोंगर उतरून आले."

गोजराबाईंनी काळे तळवे पदरास पुसले. मग हळू म्हणाल्या, "बयाबाई, तुम्हीच सांगा नाव. मी हाक मारते."

"मला आठवत असतं तर आले असते का बाई एवढं चालून?"

ऐसे बोलून त्या काठी टेकीत उठून गेल्या. पुढल्या मार्गशीर्षात आल्या नाहीत.

तात्पर्य. एकसष्ट नावांचे बाड मुनाफभाईंच्या पातळ कागदावर नवे केले. ही बखरही त्याच कागदावर. पान गार जाहल्यावर नखाने खरवडून पाहिले. अक्षर हालत नाही. बाकीची दोनशे एकावन्न पाने घोटीव कागदाची, रुमालात बांधून ठेविली आहेत. त्यांस आता कोणी बोट लाविले तरी चिंता नाही.