अण्णांच्या गाडीची मागची जागा

चैत्रातला शेवटचा रविवार, संध्याकाळचे सव्वापाच. वेग ताशी एकोणीस किलोमीटर. हजर: अण्णा, मी आणि रस्त्याच्या मधोमध बसलेली एक म्हैस. म्हैस उठली नाही म्हणून विक्रम हुकला, असं अण्णांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की म्हैस दिसण्याच्या आधीही तो होत नव्हता.

अण्णा माझे घरमालक. माण गावातली त्यांची जमीन आयटी कंपन्यांसाठी टप्प्याटप्प्याने गेली, उरलेल्या जागेवर खोल्या बांधल्या, त्यातल्या एकीत मी परभणीहून येऊन राहिलो. भाडं घ्यायला आले की इतर मालक पाण्याच्या मोटरीबद्दल बोलतात. अण्णा पहिल्याच महिन्यात म्हणाले, "सायेब, तुमी हिशोबाचं काम करता म्हनं. मग घड्याळ धराल का?"

घड्याळ धरायचं होतं ते शिडाच्या गाडीसाठी. तीन चाकं, लोखंडी पाइपांचा सांगाडा, मधे डोलकाठी. इंजिन नाही, पॅडल नाही, आणि ब्रेकही नाही. "वाऱ्याला बिरेक असतुया व्हय?" शीड फ्लेक्सचं. त्यावर गॉगल लावलेला एक तरुण हात जोडून उभा, आणि खाली अक्षरं: भावी सरपंच बाळासाहेब यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा. वारा भरला की बाळासाहेबांचे गाल फुगत आणि अण्णा त्यांच्या मागे पळत असल्यासारखे दिसत.

गाडीला पुढची आणि मागची अशा दोन जागा. पुढच्याने हँडल सांभाळायचं, मागच्याने शिडाचा दोर. मागच्या जागेवर खडीचं पोतं होतं. ते नसलं की गाडी कलंडे. पण पोतं दोर धरत नाही, म्हणून अण्णा एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने दोर ओढत. दोन्ही अर्धवट होई.

विक्रमाचा आकडा फाटकावर ऑइलपेंटने लिहिलेला होता: ४१. मी एकदा सांगून पाहिलं की परदेशात कोरड्या तळ्यांवर अशा गाड्या दोनशेच्या वर जातात.

"जाऊ द्या की," अण्णा म्हणाले. "त्यांच्याकडं तळं हाय. आपल्याकडं आयटी हाय. मला एक्केचाळीसच्या फुडं एक पायजे, बास."

अण्णांकडे तळं नव्हतं, पण रस्ता होता. सरळ, रुंद, नवाकोरा आणि रिकामा. रिकामा अशासाठी की तो पुढे अण्णांच्या दोन गुंठ्यांना येऊन थांबला होता आणि अण्णा ते रस्त्याला द्यायची सही देत नव्हते. सही झाली असती तर मी कंपनीत बारा मिनिटांत पोचलो असतो. एरवी चार किलोमीटरला मला सत्तर मिनिटं लागत. हा हिशोब मी त्यांच्यापुढे मांडला तेव्हा ते खूश झाले. "म्हंजी तुमच्या बसपरीस माझी गाडी साडेपाचपट पळती!"

गाव त्यांना सोडत नसे. दूधवाला रोज फाटकाशी हॉर्न देऊन ओरडे, "अण्णा, दोन गुंठ्यापायी अख्खं गाव अडीकलंय! करा की सही!"

"वारा पडू दे, मग करतो."

वारा पडणं हे त्यांचं सगळ्यालाच लागू होतं. वीज गेली, वारा पडला. वरच्या खोलीतल्या पोराची नोकरी गेली, वारा पडला. बायको वारली त्याबद्दल एकदाच बोलले, तेही तेवढ्याच शब्दांत.

मी सकाळी गर्दीत अडकून या माणसाला शिव्या देत असे आणि रविवारी त्याचंच घड्याळ धरत असे. सतरा, एकोणीस, चौदा. एकदा बावीस झाले आणि गाडी ओढ्यात गेली. वैशाखात मी म्हणालो, "अण्णा, पोतं काढा. मी बसतो मागे. दोर तरी धरतो."

त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "तुमी भाडेकरू, सायेब. ती जागा बाळूची हाय."

तेव्हा मला कळलं, शिडावरचा बाळासाहेब म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. गाडी दोघांनी मिळून केलेली. एक्केचाळीसही दोघांचेच. ते दोन गुंठेही दोघांच्या नावावर. मग निवडणुकीला पैसे हवे म्हणून बाळूने रस्त्यासाठी सही दिली. अण्णांनी दिली नाही. भांडण झालं, बाळू निवडणूक हरला आणि बाणेरला राहायला गेला.

ज्येष्ठात या दोन गुंठ्यांची तारीख होती, पौडला. अण्णांनी कागद वाचायला मला सोबत नेलं. कचेरीबाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने गॉगल लावलेला, शिडावरच्यापेक्षा बराच सुटलेला एक माणूस आला आणि अण्णांच्या शेजारी बसला. बोलला काही नाही. अण्णांनी पिशवीतून फडकं काढलं, भाकरी मोडली, वर शेंगदाण्याची चटणी ठेवून अर्धी पुढे केली. बाळूने मोबाइलवरची नजर न हलवता ती घेतली आणि खाल्ली. अण्णा तो खाताना पाहत राहिले. वकील फक्त पुढची तारीख घेऊन आले, तेव्हा इतका आनंद झालेला पक्षकार मी दुसरा पाहिलेला नाही.

परतताना मी विचारलं, "अण्णा, हे किती दिवस चालवणार?"

"तारखेला तरी येतो की," ते म्हणाले.

त्या रस्त्याबद्दल नंतर मी त्यांच्याकडे कधी तक्रार केली नाही.

पुढच्या तारखेला बाळूने भाकरी घेतली नाही. म्हणाला, "आण्णा, मिटव आता. मला हितं यायला टाइम न्हाई."

अण्णांनी फडकं बांधलं, आत गेले आणि सही केली. मी हात धरला होता. त्यांनी तो हळूच सोडवला. "तीन वर्सांनी बोलला. त्याला न्हाई कसं म्हनू?"

मोबदला दोघांच्या खात्यांत निम्मा निम्मा जमा झाला. तो आकडा दुसऱ्याचा आहे, मी लिहीत नाही. रस्ता पुरा झाला. मी आता बारा मिनिटांत पोचतो.

मग बाळूचा निरोप आला: गाडी भंगारात घाल आणि माझे निम्मे पाठव. अण्णांनी टेम्पो केला, भंगारवाल्याकडे गाडीचं वजन केलं, भाव विचारला आणि गाडी परत आणली.

"विकली नाहीत?" मी विचारलं.

"इकून काय करू? वजन तेवढं पायजे हुतं." त्यांनी खिशातून नोटा काढून माझ्यासमोर मोजल्या. "तुमच्या मोबाइलवरनं धाडा त्याला. मागची जागा त्याची हुती. इकत घेतली."

मी पाठवले. मिनिटभरात उत्तर आलं: मिळाले.

"आनि काय लिवलंय?"

"एवढंच."

अण्णांनी मान हलवली आणि पोतं सरळ करायला गेले.

वजन एकशे दहा किलो, भाव बत्तीस रुपये, त्याचे निम्मे एक हजार सातशे साठ. बाळासाहेबांना पोचते केले. शीड वजनात धरलेलं नव्हतं.